शिवडी, दुपारची भरती

तनया फोन आडवा धरून मला मैदान दाखवते.
तिकडे सकाळ. गवत नुकतंच न्हाव्याकडून आल्यासारखं,
नागमोडी लाकडी कुंपण, तेव्हा होतं तसंच
पुन्हा बसवलेलं.
‘इथे इंग्रज होते बाबा, तिथे फ्रेंच,
आणि ज्यांची जमीन होती ते दोन्हीकडून.’
तोफेच्या तोंडात सिमेंट भरलंय,
पाखरांनी घरटं करू नये म्हणून.
फलकावर अधिकाऱ्यांची नावं. शिपायांचा आकडा.
‘आपल्याकडे आहे का असं काही?’

दुसऱ्या दिवशी शिवडीच्या किल्ल्यावर गेलो.
तेलाच्या टाक्या, ट्रकच्या रांगा, मग चढ.
गुडघ्यांनी दोनदा विचारलं, कशाला?
पहारेकरी पाखाडे डबा उघडून बसला होता.
‘लढाई? इथे तर शूटिंगं होतात.
गेल्या महिन्यात तीन राजे मेले.’
त्याने मला अर्धी भाकरी दिली,
जवळ्याची चटणी.

सोळाशे एकोणनव्वद. फेब्रुवारीतली रात्र.
सिद्दीची गलबतं या खाडीत आली
एवढं पुस्तकात आहे.
पुस्तकात नाही ते मी काल काढत बसलो:
पोर्ट ट्रस्टात एकतीस वर्षं
भरती-ओहोटीची कोष्टकं तपासली,
ते गणित मागेही नेता येतं.
इंग्रजांचं पंचांग तेव्हा दहा दिवस मागे,
तो घोळ सोडवला.
चंद्र सापडला. पाणी किती फूट, तेही.
पण होडीतून उतरताना
ज्याचा पाय आधी रुतला
त्याचं नाव कुठल्याच रकान्यात येत नाही.
हत्यार डोक्यावर धरून
तो कमरेएवढ्या चिखलातून चालला असेल,
आणि इकडे तटावर कोणी एक जण,
पगार थकलेला,
अंधारात पाण्याचा आवाज ओळखत उभा.

तटाला हात लावला. उन्हाने तापलेला.
कोणीतरी खडूने स्टंप काढलेत, तीन,
मधला जरा वाकडा.

खाडीचा फोटो काढून पाठवला.
भर दुपारचं पाणी, तिवरांच्या कडेला
दाटीवाटीने उभे रोहित,
मागे पूल, धुरकट.
तिकडे रात्रीचे तीन;
बाळ झोपू देत नाही म्हणून ती जागी.
लगेच उत्तर आलं:
‘छान. पण रणांगण कुठेय यात?’

लिहिलं, पाण्याखाली आहे.
सहा चाळीसला ओहोटी.
तेव्हा दिसेल थोडा वेळ.