बारा व्होल्ट

आधी फक्त सप्लाय लावला, बाकी काही नाही.
मीटरवर बारा पूर्णांक एक.
मामा दारातच उभे. डाव्या हाताला तीन बोटं,
उरलेली दोन वाढोण्याच्या डीपीवर राहिली,
एक्क्याण्णव साली.
"हात लावा," मी म्हटलं, "काही होत नाही."
लाइनमन माणूस. लावला नाही.

आठ रिले एका पट्टीवर,
मुगाच्या शेंगेत दाणे बसतात तसे.
टक. न्हाणीतला दिवा.
टक. मधल्या घरातला पंखा.
गोठ्याची वायर लांब पडली, बारीकही;
तिथं पोचेस्तोवर दहाच उरले
आणि रिले नुसताच फडफडला
काडेपेटीत धरलेल्या नाकतोड्यासारखा.
जाड वायर यवतमाळहून आणली,
शनिवार त्यातच गेला.

दिवेलागणीला मामा बटनापाशी आले.
बराच वेळ बघत राहिले.
"हे बारा अन् ते दोनशे तीस
एकमेकांले शिवतच नाहीत?"
"नाही. मधात फट असते. कॉइल इकडं, लाइन तिकडं."
"आमच्या वेळी कुठं होती वं अशी फट."

मग त्यांनी डावाच हात पुढं केला.
टक.
गोठ्यात कपिलीनं मान वर केली,
उजेडाकडं बघितलं,
परत कडब्यात घातली.