सत्तेचाळीस नंबर

नोव्हेंबरातला दुसरा रविवार. चॅपलमधला हीटर
पहिल्या तीन रांगांपुरताच तापतो,
आणि त्या रांगा पाहुण्यांच्या.
मी मागे, खांबाआड,
जिथं कोट काढायचा प्रश्नच येत नाही.

हेडमास्तर नवे आहेत, चाळिशीही उलटली नसेल.
वर्षभरात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी वाचतात:
आधी आडनाव, मग नाव, मग दाखल झाल्याचं साल,
मग आयुष्यात काय झाले ते.
ॲबरडीनला सर्जन. न्यायाधीश. तेलकंपनीत वरच्या जागेवर.
एक जण निवडणुकीला दोनदा उभा राहिला, दोनदा पडला,
तेवढं मात्र गाळतात.

मला नावं उशिरा कळायची.
चौतीस वर्षं इथल्या धुलाईघरात होते मी,
माझ्याकडे यायचे ते नंबर,
लाल दोऱ्यात विणलेले,
कॉलरच्या आत, मोज्याच्या काठाला, बनियनच्या शिवणीवर.

सर्जन म्हणजे बावीस.
शर्टाचे कफ चावून चोथा करायचा.
न्यायाधीश शहाऐंशी.
खिशात ओटकेकचा चुरा, कधी अख्खा तुकडा,
त्याच्यापायी दोन हिवाळे उंदीर झाले आम्हाला.

"मॅकॲस्किल, फार्कर. एकोणीसशे एकसष्ट."
हेडमास्तर थांबले. कागद उलटून पाहिला.
"पुढचा तपशील उपलब्ध नाही."

तपशील माझ्याकडे आहे.

पहाटे पाच. मी बॉयलर पेटवत असायचे,
आणि दारात सत्तेचाळीस,
अनवाणी, छातीशी चादरीचा बोळा.
बेटावरनं आलेला, इंग्रजी तोडकं,
पण तेव्हा कुठल्याच भाषेत बोलायचा नाही.
मी बोळा घ्यायची. कोरडी चादर द्यायची.
फरशी बर्फासारखी, म्हणून एकदा
पायाखाली पोतं टाकलं, ते तिथंच राहिलं.

नियम होता: ओल्या चादरीचा नंबर लाल शाईनं वहीत.
शनिवारी वही हाउसमास्तरांपुढं,
आणि रविवारी काय ते त्या पोरापुढं.
मी लिहायची, निळ्या शाईनं: चहा सांडला.
तीन सत्रं. चहा सांडला. चहा सांडला.
दहा वर्षांच्या मुलाला अंथरुणात चहा कोण देतं,
हे हाउसमास्तरांनी कधी विचारलं नाही.
आता वाटतं, त्यांनाही कळत असावं.
किंवा कंटाळा असेल. माणसाचं काय सांगावं.

मग एका मार्चमध्ये तो यायचा थांबला.
मी आठवडाभर दाराकडं बघत कोळसा टाकला.
बरी झालेली मुलं
सांगायला येत नाहीत, हे मला ठाऊक होतं,
तरी पोतं मी जूनपर्यंत उचललं नाही.

बाहेर पाइप वाजवणाऱ्या पोराचा दम
शेवटच्या स्वरांआधीच संपला.
कुणी हसलं नाही. थंडीच तशी होती.

नंतर हॉलमध्ये चहा.
एक बाई माझ्याशी येऊन उभी राहिली, पन्नाशीची,
रुंद कपाळ त्याचंच.
"तुम्ही वडिलांना ओळखत होता म्हणे?"
"थोडंसं," म्हटलं. "मोजे कधी हरवले नाहीत त्यांनी."
ती हसली. म्हणाली, बोटीवर स्वयंपाकी होते ते,
मग ओबनला छोटं दुकान, मग काहीच नाही.
"घरात कपडे मात्र तेच धुवायचे.
आई चिडायची. पहाटे पाचला उठून,
आम्ही भावंडं जागी व्हायच्या आत
दोरीवर चादरी. का, ते कधी सांगितलं नाही."

सांगावं असं क्षणभर वाटलं.
साठ वर्षं झाली, वहीसुद्धा जळून गेली असेल.
पण तो माझ्याकडं न बोलता आला होता,
आणि न बोलताच गेला.

माझा हात म्हातारा आहे. कप कलंडला.
पांढऱ्या टेबलक्लॉथवर तपकिरी डाग
पसरत पसरत तिच्या बशीपर्यंत गेला.
ती रुमाल घेऊन पुसायला लागली.
"राहू दे," म्हटलं, "धुलाई आता पर्थला जाते, व्हॅननं.
तिथं कुणी विचारत नाही."
"काय झालं?" पलीकडून हेडमास्तरांनी विचारलं.

"चहा सांडला," मी म्हणाले.
यंदा खराच.