पाठमोरा फोटो

सावद्याहून अकरा जण गेलो युरोपला,
नऊ दिवसांत सात जणांचं बोलणं बंद.

नेहेते काकू रोज खिडकीत.
"मले मळमळतं" म्हणत
अख्ख्या आल्प्सभर पडदा ओढून झोपल्या.
भारंबे सरांनी प्रत्येक कॉफीचे रुपये करून सांगितले,
मोठ्यांदा, आणि कॉफी पिणाऱ्यालाच.
झांबरेंच्या बिबड्यांपाशी
विमानतळावरचा कुत्रा बसला तो उठेचना.
दोन तास आम्ही सगळे उभे.
आणि मी?
माझ्याबद्दल ते काय सांगत असतील, कोण जाणे.

परवा फैजपूर रोडला
केळीच्या ट्रकमागे रिक्षा अडकली.
मांडीला मांडी लावून नेमक्या काकू.
सव्वा महिन्यानंतरचं पहिलं वाक्य:
"तुमचा एक फोटू हाये माह्याजोळ."

तळ्याकाठी मी, पाठमोरी.
कोपऱ्यात त्यांचा अंगठा.
सगळ्यांचे मीच काढत होते,
माझा हा एकच.

तेव्हा तिथे उभी राहून
मनातल्या मनात
यांनाच शिव्या देत होते.
किती शांत दिसतेय.

ट्रक हलला.
उतरताना काकू म्हणाल्या,
"दिवाळीनंतर व्हिएतनामचं निघू राह्यलं म्हने.
खिडकी म्या सांगून ठिवली."