खार

पाळक उजगरे उपदेशात म्हणाले,
"अंतरीची आग पुन्हा पेटवा."
नागपुरात. एप्रिलमध्ये.
पुढच्या बाकावर ग्रेसआजी
उपासनापत्रिकेनं वारा घेत होत्या.
मी मागे, घंटेच्या दोराजवळ, मनात म्हणालो,
साहेब, इथे आग कोणाला पाहिजे?

एकतीस वर्षं हा दोर माझ्या हातात आहे.
तळव्याला घट्टे पडले, तेही आता दुखत नाहीत.
विश्वासांगीकार सुरू झाला की ओठ पुढे निघून जातात,
मी मागे राहतो,
बंद फाटकाशी सायकल धरून उभा असल्यासारखा.
भाकरीचा तुकडा जिभेवर विरतो
आणि माझ्या डोक्यात मंगळवारीतल्या मटणाची रांग.

घरीही तसंच.
अलीशिबाशी भांडण नाही.
भांडण असतं तर बोलणं तरी झालं असतं.
"वाढू?"
"वाढ."
"गोळी घेतली?"
"घेतली."
कूलरचा आवाज सोसत नाही म्हणून
पाच उन्हाळे ती आतल्या खोलीत झोपते.
करुणा दोह्याहून फोन करते,
तेव्हा आम्ही एका पडद्यात मावतो.

शुभ शुक्रवार झाला. शनिवारी रात्री दोनच्या सुमाराला
घामानं जाग आली.
पंखा फिरत होता. घरघर तीच.
फक्त गार नव्हतं काही.
भट्टीसमोर बसावं तसा कोरडा वारा,
आणि वाळा हाताला लावला तर
कागदासारखा वाजला.

दारात अलीशिबा. केस मोकळे, हातात टॉर्च.
"आवाज बदलला," म्हणाली.
मी विचारलं, "तुला तिथून ऐकू येतं?"
"रोजच येतं."

रोजच.
भिंतीपलीकडे, पाच उन्हाळे.

मग आम्ही दोघं फरशीवर.
टाकीत पाणी काठोकाठ.
मी म्हणालो, जळला असेल पंप, नवीन आणावा लागेल,
उद्या तर सगळं सदर बंद.
तिनं तो तळातून उचलला, उलटा केला,
टॉर्च माझ्याकडे दिला.
जाळीवर पांढरा थर, बोअरच्या पाण्याचा,
नखानं निघेना इतका जुना.
"जळला नाही जी. चोंदला आहे.
एवढं काहून घाबरून राहिले?"

अर्धं लिंबू. माझा जुना ब्रश.
तिच्या अंबाड्यातला आकडा.
ती खरवडत होती, मी उजेड धरून होतो,
मधूनच म्हणायची, "इकडे धरा, भिंतीवर काय पाहता?"
कितीतरी वर्षांनी
कुणीतरी मला रागावलं.
एकदा ब्रश मी घेतला,
पत्र्याची कड बोटाला लागली,
तिनं बोट टॉर्चखाली धरून पाहिलं
आणि काही न बोलता सोडलं.

लग्नात पाळकांनी विचारलं होतं,
तेव्हा मी इतक्या जोरात "होय" म्हणालो
की मागचे बाक हसले होते.
ती घुंगटाआडून कुजबुजली होती, हळू.

पंप लावला. बटण दाबलं.
आधी नुसता खोकला,
मग नळीतून एक गढूळ गुळणी,
मग धार.
वाळा भिजायला वेळ लागतो.
आम्ही खाटेच्या कडेला बसून राहिलो,
ओले हात मांडीवर ठेवून,
वास येईपर्यंत.

"किती वाजले?"
"साडेतीन."
"आता काय झोपता. थांबा, साडी बदलते."
दरवर्षी ती ग्रेसआजींबरोबर ऑटोनं येते, उशिरा.
या वेळी स्कूटरवर मागे,
हात माझ्या खांद्यावर, लिंबाचा वास.
गड्डीगोदामची दुकानं मिटलेली,
एक टपरीवाला तर्रीसाठी कांदा चिरत होता.

कबरस्तानात मेणबत्त्या गरमीनंच वाकल्या.
तिच्या आईच्या दगडावर मुंग्या.
गीत सुरात नव्हतं,
पाळकांचं पुन्हा तेच, आग वगैरे.
कबर रिकामी होती, हे मला
दर वर्षी ऐकून पाठ आहे.
आज मी पाहिलं
की धोंडा लोटलेला होता,
त्या बायांच्या हाती नुसती सुगंधी द्रव्यं,
आणि धोंडा कोण लोटेल, हे ठाऊक नसताना
त्या निघाल्या होत्या.

उजाडल्यावर चर्चमध्ये येऊन दोर धरला.
बोटाच्या चिरेत लिंबू चुरचुरलं.
ठोके नेहमीचे बारा.
तेरावा कसा पडला, मला माहीत नाही.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
माणसं हस्तांदोलनात होती.
पायरीवर चप्पल शोधता शोधता
अलीशिबानं तेवढं वर पाहिलं.