काढलेलं कुठं ठेवतेस

दिवसा मी लग्नं दुरुस्त करते.
देवळाली गावातला स्टुडिओ, वर पत्रा, खाली मी.
नवरीच्या गालावरचा फोड, मामाच्या बोटांतली सिगारेट,
मांडवाच्या कडेला झोपलेलं कुत्रं,
आल्बम छापायला जायच्या आत सगळं जातं.
त्याचे पैसे मिळतात. त्यात कसली मजा?

रात्री खेळ.
एक फोटो, एकच बदल,
आणि विचारायचं, ओळखा.
पैज पावशेर चिवड्याची.

पहिल्यांदा हरले ती एका कबुतरामुळे.
कबुतर काढलं, घाटाच्या फरशीवर सावली राहिली.
मुस्तकीम म्हणाला, "पाखरू घाईत होतं वाटतं,
सामान विसरून गेलं."
मग शिकले. सावली आधी, वस्तू नंतर.
पाण्यातलं उलटं रूप, चष्म्याच्या काचेतली खिडकी,
स्टीलच्या तांब्यात वाकलेलं अख्खं घर,
सगळीकडं जाऊन पुसून यायचं,
चोरानं परत येऊन पायऱ्या झाडाव्यात तसं.
आणि फार स्वच्छ करायचं नाही.
खऱ्याला थोडी धूळ लागते.

मग गंगेच्या पुरातला फोटो घेतला.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं पाणी
गुडघ्यापर्यंत उतरवलं. तीन रात्री गेल्या.
फेस, गढूळपणा, वाहत आलेला निळा ड्रम,
सगळं खाली सरकवून घेतलं.
खैरनार सरांनी बोटांनी ताणून ताणून पाहिला,
म्हणाले, "त्या वायरीत काहीतरी आहे."
वायरीत काही नव्हतं.
हेमलता म्हणाली, "पाणी बरोबर आहे,
गुडघ्याएवढंच होतं. मी होते ना तिथं."
ती होती तिथं.
तिच्याच दुकानातले साड्यांचे खोके आम्ही
डोक्यावर घेऊन माडीवर चढवले होते.
चिवडा मी जिंकले,
आणि त्या रात्री दोनदा उठून
मूळ फोटो उघडून पाहिला.

उरले नाना.
चौतीस वर्षं नाशिकरोडला, प्रेसमध्ये, तपासणीला.
आजही ताट वाढलं की आधी
जरा तिरपं करून उजेडात धरतात.
पडद्यावर त्यांना काही दिसत नाही, म्हणून प्रिंट दिली.
त्यांनी ती कलती केली. उलटी केली. पाठीमागून पाहिली.
चहा निवला.
"पाणी," म्हणाले.
कसं कळलं?
"मांडीवरचा शेंदूर बघ. धारा लागल्यात त्याला.
वरून पाऊस नाही, मग भिजला कशानं?"

आता शाबासकी, असं मला वाटलं.
"काढलेलं कुठं ठेवतेस?" त्यांनी विचारलं.
कुठं म्हणजे? ते नसतंच आता.
"आमच्यात बाद झालेला कागदसुद्धा मोजून ठेवायचा.
एकदा दिवाळीच्या आदल्या दिवशी
एक कोपरा कमी भरला. गेट बंद.
रात्री नऊला सापडला,
पगारेच्या चपलेला चिकटलेला."
एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

तेव्हापासून एक फोल्डर आहे. नाव, बाद.
त्यात एक कबुतर आहे, आता सावलीसकट.
सतरा सिगारेटी.
कुत्री दोन, एक झोपलेलं, एक माझ्याकडं बघणारं.
वर्षभरात नकोसा झालेला एक जावई,
त्याचा हात वेगळा, कारण तो बायकोच्या खांद्यावर होता.
गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं पाणी, तीन तुकड्यांत.

रविवारी मोजते.
या रविवारी एक जास्त भरलं.
पाठमोरी बाई, हिरवं लुगडं, काखेत मिटलेली छत्री.
कडा माझ्याच हातच्या, ओळखू येतात.
कुठून काढली, आठवत नाही.
सगळे आल्बम उघडले, घाटावरचे, मांडवातले.
कुठंच जागा रिकामी दिसत नाही.
इतकं चांगलं काम मी कधी केलं?

बाहेरून नाना विचारतात, "भरलं का गं?"
मी म्हणते, मोजतेय.