नऊ नंबरचा खांब

जूनमध्ये आमच्या डोंगरावर
लाकडाच्या भुशाखाली एक हिवाळा झाकून ठेवतात.
दुमजली घराएवढा ढीग,
वर पांढरं कापड, कापडावर धोंडे.
पाहुणे विचारतात, इथे काय पुरलंय?
मी म्हणते, नोव्हेंबर.
ते हसतात, फोटो काढतात
आणि उतारावरच्या ढकलगाडीच्या रांगेत जातात,
जिथे ब्रेक न लावण्याचे
साडेअकरा युरो पडतात.

मी वाल्बुर्गा. मधल्या स्टेशनावर पाळणे सांभाळते.
हिवाळ्यात स्की, उन्हाळ्यात सायकली,
मधेच एखाद्या नवरीचा घोळदार झगा,
एखादा म्हातारा कुत्रा, ज्याला चढायचंच नसतं.
खुर्ची मागून येते, गुडघ्यामागे लागते,
माणूस आपोआप बसतो.
बावीस वर्षांत एवढंच शिकले:
बसवणं सोपं,
वर पोचल्यावर वेळेत उठवणं अवघड.

वडील, कासियान, कधी बसले नाहीत.
नऊ नंबरचा खांब आमच्या कुरणात आहे,
ऐन मध्यावर, जिथलं गवत सर्वांत गोड.
कंपनीचा माणूस आला तेव्हा मी पोटात होते.
आईनं कॉफी दिली, वडिलांनी सही.
त्या पैशात छप्पर झालं, दोन गाई आल्या
आणि माझा पाळणा,
लाकडी, तारेवरचा नव्हे.
पुढे चाळीस वर्षं
ते खांबाला वळसा घालून गवत कापत राहिले,
जेवताना दाताखाली आलेला खडा
न बोलता ताटाच्या कडेला ठेवावा तसे.

भुशाचं काम मात्र त्यांनी मागून घेतलं.
रोज संध्याकाळी बाही सारून
कोपरापर्यंत हात ढिगात खुपसायचे,
गाभण गाय तपासावी तसा.
"आहे," म्हणायचे.
खाली पोहण्याच्या तलावावरून गाणी यायची,
तारेला लटकून पोरं किंचाळत देवदारांवरून जायची,
आणि वडील विजारीला हात पुसायचे,
लालबुंद, ओला,
भर ऑगस्टात बधिर झालेला हात.

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी
ते रांगेत दिसले. अंगात रविवारचा कोट.
मी बाजूचं फाटक उघडलं, म्हटलं, या ना.
"तिकीट काढलंय."
यंत्राला दाखवलं. यंत्रानं हिरवा दिवा दिला,
कुणालाही देतं तसा.
मी वेग कमी केला; नियमात बसत नाही ते.
खुर्ची आली. ते बसले,
टोपी मांडीवर, प्रार्थनेला बसल्यासारखे.

आठव्या खांबापर्यंत पाठ दिसत होती.
नवव्यापाशी, शप्पथ सांगते,
त्यांनी पाय वर उचलले,
गवताला लागू नयेत म्हणून.
जमीन तिथे चौदा मीटर खाली आहे.

दोन तासांनी चालत उतरले.
तिकीट फक्त जाण्याचं होतं.
"काय दिसलं वरून?"
"आपलं छप्पर. एक फळी सरकलीय."

फळी बसवली त्यांनीच, शिडीवर चढून,
माझं न ऐकता.
मग ऑक्टोबरात उजवा खांदा उचलेना.
आता हात मी खुपसते.
घरी आले की ते काही विचारत नाहीत,
माझी बोटं आपल्या मुठीत घेतात
आणि थोडा वेळ धरून ठेवतात.
केवढा थंडपणा पुरेसा, हे त्यांना कळतं.
मला अजून नाही.

नोव्हेंबरात गेबहार्ड यंत्र घेऊन येतो,
कापड निघतं, भुसा खरवडला जातो,
तपकिरी डोंगरावर एकच पांढरी पट्टी ओढली जाते,
जखमेवर बांधतात तेवढी रुंद.
पहिल्या गाडीनं शहरातली माणसं येतात.
तिकिटावर आजची तारीख,
पायाखाली गेला फेब्रुवारी.
एक मुलगी पडते, उठते,
हातमोज्यावरचं थोडं जिभेवर घेते,
तोंड वाकडं करते:
"याला लाकडाची चव आहे."

खरं आहे, पोरी.
सरक पुढे. गुडघे सैल सोड.
खुर्ची येतेय.