तीन ठिपके

पारोळा रोडला, सुपडू चौधरीच्या भंगारात,
ट्रकच्या तीन सांगाड्यांपलीकडे
चिंचेच्या ओंडक्यावर बसवलेलं एक इंजिन.
"लँडमास्टरचं," सुपडू म्हणाला, "एकदम ओरिजिनल."
भंगारात सगळंच ओरिजिनल असतं,
गंजसुद्धा.

माझी गाडी छप्पन सालची.
चोपड्याच्या एका जिनिंगवाल्यानं
तिच्या पोटात मॅटाडोरचं डिझेल कोंबलं
तेव्हापासून ती दुसऱ्याच्याच आवाजात खोकते.
म्हणून गफूर पिंजारीला सोबत आणलं,
धुळ्याच्या मे महिन्यात, त्याच्या चौसष्टाव्या वर्षी.

तो आधी काहीच बोलला नाही.
चष्मा कपाळावर सरकवला, वरून तळवा फिरवला.
हेड पाटासारखं सपाट,
चारही प्लग आभाळाकडे तोंड करून.
"साइड व्हॉल्व्ह. एवढं तरी खरं."
मग रॉकेलचा बोळा, मग तारेचा ब्रश,
काजळीखालून नंबर उगवत आला.
घाईत ठोकलेला आठ लगेच ओळखू येतो.
हा आठ निवांत होता.

डिपस्टिक नाकाशी धरली
आणि गफूर शिंकला. पुन्हा शिंकला.
बोल्टांच्या खाचांत लाल भुकटी.
"मिरची कांडपावर होतं ना रे हे? रॉकेलवर चालवलं?"
सुपडू हायवेकडे बघायला लागला.

प्लग काढले. भोकावर अंगठा दाबून
मला म्हणाला, फिरव.
मी पान्यानं पुली फिरवली.
पहिल्यानं अंगठा उडवला, दुसऱ्यानं उडवला,
तिसऱ्यानं नुसती फुंकर घातली, चहावर घालतात तशी,
चौथ्यानं उडवला.
तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं
तर त्यानंही धक्का दिला.
"रिंगा गेल्या. रिंगा मिळतात."

हेड उघडायला दीड तास.
पिस्टनच्या माथ्यावर कोरलेलं: चाळीस.
म्हणजे एकदा बोअर झालंय,
अजून एकदा होईल, मग नाही.
मागच्या महिन्यात डॉक्टर मला
साधारण असंच काहीतरी म्हणाला होता.

शेवटी खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक.
ब्लॉकच्या अंगावरून नेताना
चिकटत, सुटत, चिकटत गेलं,
आणि एका जागी चिकटेना.
गफूरनं पात्यानं रंग खरवडला.
आत बोटभर लांब पितळेची शिवण,
तिच्याखाली पंचनं मारलेले तीन ठिपके.

तो टायरवर बसला.
"हाऊ टाका मना शे."

एकोणीस वर्षांचा होतो. अमळनेरला.
उस्ताद लग्नाला गेलेला, गिऱ्हाईक डोक्यावर उभं.
बीड आधी गोवऱ्यांत तापवायचं असतं,
जोडल्यावर रातभर राखेत निजवायचं असतं.
मी तासाभरात उपसलं.
वरून रंग मारला, पैसे पुरे घेतले,
आणि वर हे ठिपके. सही केली मी. सही!

"लेऊ नको भाऊ," तो मला म्हणाला.
सुपडू म्हणाला, "पंचेचाळीस वर्षं टिकलंय की!
मिस्तरी स्वतः सांगतोय, मग तर पाचशे जास्त."

खालची तोंडं बुचांनी बंद केली,
जॅकेट काठोकाठ पाण्यानं भरलं.
तिघांनी कळण्याची भाकरी खाल्ली, ठेचा होता,
ठेच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
गफूरचं अर्ध्या घासात लक्ष तिकडेच.
उठला, शिवणीखालून अंगठा फिरवला,
उन्हात धरून पाहिला.

ओला होता.

मग त्यानं अंगठा जिभेला लावला.
खारट.
हसला नाही.
शर्टानं मनगट पुसलं, हात कोरडा केला
आणि म्हणाला,
"अजून एक तास थांबू."